सुताराची मूठ

"हात गेला दंडातून, आणि टाके घातले छातीला! त्या डॉक्टरला अवयव तरी ओळखू येतात का?"

थोरला सुतार असं म्हणाला आणि कामाच्या छपराखाली बसलेले सगळे फिदीफिदी हसले. सुगीत धाकट्या भावाचा डावा हात यंत्राच्या करवतीत गेला होता. तो शांतपणे सांगायला लागला, "हाताकडं जाणाऱ्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्यात. मी मूठ मिटायचं मनात आणलं की छातीतला स्नायू हलणार, त्या इशाऱ्यावर यंत्राचा हात मिटणार."

"म्हणजे आता मनातल्या मनात खुर्च्या बनव!"

धाकट्याचा रंधा, पटाशी थोरल्यानं कधीच आपल्या पेटीत टाकली होती. धाकट्याकडं काम उरलं लाकडं राखायचं.

महिनोन् महिने तो ओसरीवर बसून नसलेली मूठ मिटायचा, उघडायचा. काही हलेना. एकदा बायको त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. तिचं बोट छातीला लागलं तसा तो दचकला.

"अगं, अंगठ्याला हात लावलास!"

"कुठल्या?"

"गेलेल्या."

हसावं की रडावं तिला कळेना. तिनं पुन्हा तिथंच बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

शेवटी यंत्राचा हात आला. थोरल्यानं गाव गोळा करून त्या हातात अंडं दिलं. क्षणात बलक कोपरापर्यंत ओघळला.

"स्वयंपाकाला ठेवा याला!" लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

धाकटा बायकोला म्हणाला, "फुटलं म्हणजे मूठ मिटली ना!"

पेरणी तोंडावर आली. आभाळ भरलं, मोडके नांगर दारात येऊन पडले. थोरल्याला एकट्याला उरकेना, लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले. धाकट्यानं न विचारता पेटी उघडली, पटाशी यंत्राच्या मुठीत धरली आणि उजव्या हातानं हातोडा घातला. पहिली खाच वाकडी गेली. दुसरी फाटली. तिसऱ्या दिवशी नांगराचा दांडा खाचेत असा बसला की शेतकऱ्यानं दोन्ही पाय रोवून ओढला तरी हलेना.

मग रांग धाकट्यापुढं लागली. आठवड्यानं थोरला खांद्यावर मोडका नांगर घेऊन आला, सगळ्यांदेखत घुटमळला.

"एवढ्याला जरा हात लाव की."

"ठेव तिकडं दादा. हात रिकामा नाही."

"कुठला?"

धाकट्यानं मान वर केली नाही.

"दोन्ही."