कार्बोरेटरच्या पोटातला डिंक

मी एक जुना कार्बोरेटर आहे. मोटरसायकलच्या टाकीखाली, इंजिनाला चिकटून राहतो. मित्रांनो, माझं नाव तुम्ही बहुधा गाडी बंद पडल्यावरच ऐकलं असेल, आणि तेही शिव्यांसकट.

वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून मला घडवलं. आत केसाएवढ्या भोकांचे पितळी जेट बसवले. माझ्या पोटात एक वाटी आहे आणि त्यात फ्लोट तरंगतो, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा. वाटी भरली की तो वर येतो आणि एका छोट्या सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. मग हवेत मापाने पेट्रोल मिसळून मी ते इंजिनाला देतो.

माझे मालक विजेच्या खांबांवर चढणारे वायरमन. दर सहा महिन्यांनी ते अंगणात बसून मला उघडायचे, धुवायचे, फुंकर मारायचे. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि गाडी शेडमध्ये पडून राहिली. दोन वर्षांत माझ्या पोटातल्या पेट्रोलचा डिंक झाला. रस्त्यावर भंगारवाल्याची हाळी आली की माझ्या स्क्रूंचंही धाबं दणाणायचं.

मग मालकांच्या सूनबाईंना लांबच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. त्यांच्या दिराने गाडी बाहेर काढली, टाकी भरली, किका मारून मारून ती चालू केली. मला उघडून कोणी पाहिलंच नाही.

"चालतेय ना? मग झालं तर!" असं म्हणून दीर हात झटकून मोकळा झाला.

पहिल्याच संध्याकाळी सूनबाई दमून आल्या. गाडी त्यांनी स्वयंपाकघराशेजारच्या बोळात लावली आणि पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी, बंद करायला विसरल्या. नेमका तेव्हाच डिंकाचा एक कण माझ्या सुईखाली अडकला. फ्लोट वर आला, पण वाट बंद होईना. एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत सरपटते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघाली होती आणि आत सूनबाई चहाचं आधण ठेवत होत्या. दिवसभर दवाखान्यातल्या औषधांच्या वासाने बधिरलेल्या त्यांच्या नाकाला काही कळत नव्हतं. मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. पण माझं तोंड फक्त हवा आत घेतं.

काडेपेटी खुळखुळली.

"सूनबाई, काडी ओढू नकोस!" बाहेरच्या खोलीतून मालक कडाडले. "पेट्रोलचा वास येतोय! दारं-खिडक्या उघड. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. आधी कॉक बंद कर!"

सूनबाईंनी धावत जाऊन कॉक फिरवला, दारं-खिडक्या उघडल्या आणि सासऱ्यांना धरून अंगणात आणलं. घरातला वास जाईपर्यंत दोघांपैकी कोणी आत गेलं नाही.

दीर धावत आला. "मरो तो कार्बोरेटर! उद्याच भंगारात देतो."

"तो कशाला मरेल? मरायला आपण निघालो होतो," मालक म्हणाले. "न बघता गाडी चालू केलीस तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात उघडलं. मालक बोटांनी चाचपून सांगत होते, सूनबाई तसं करत होत्या. स्क्रू एका ताटलीत ठेवले होते. तेवढ्यात दिराने जेट साफ करायला तार उचलली आणि मी गारठलो.

"तार नको रे बाबा!" तारेचा आवाज ऐकून मालक म्हणाले. "भोक वाढलं की मापच गेलं. पेट्रोलने धू आणि पंपाने हवा मार."

त्यांनी नवी सुई बसवली, खाली कोरडा कागद ठेवला आणि कॉक उघडला. दोघं डोळे लावून बसले, मालक कान लावून. पुन्हा गळलो तर? पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"बाबा, कागद कोरडा आहे."

मालकांनी स्वतः कागदावरून हात फिरवला, बोटं हुंगली. मग हळूच म्हणाले, "काल मला सर्दी असती तर?"

सूनबाईंनी उठून कॉक पुन्हा एकदा तपासला.

आता सूनबाई न विसरता कॉक बंद करतात आणि ठरल्या वेळी मला उघडतात. तरी त्या प्रश्नाने मी अजून शहारतो. मित्रांनो, थेंब, वास आणि बदललेला आवाज, एवढंच आम्हां यंत्रांना बोलता येतं. ते वेळेवर ऐका. दर वेळी घरात कुणाचं तरी नाक शाबूत असेलच, या भरवशावर राहू नका.