मिशीवाल्याच्या बांगड्या

या, सरका जवळ, टाळ मांडीवर ठेवा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर बहारीनमधल्या सलमाबादच्या एका दगडाची गोष्ट सांगतो.

रावजी तिथे दगडाच्या कारखान्यात घडाई करायचा. गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पोचायचं, एवढाच त्याला ध्यास. मुकादम उबेदभाई, रत्नागिरीचा, त्याने बजावलं होतं, "मॅडमनी दगड पास केला तर रजा. नाहीतर मोबाइलवर ऐक कीर्तन."

मॅडम बोस्नियाच्या. त्यांच्या मुलखात माळावर पाच-सहाशे वर्षांपूर्वीची कोरीव थडगी आहेत. त्यातल्या एकाची नक्कल त्यांना बहारीनमधल्या आपल्या बागेत हवी होती. फोटोत मिशीवाला गडी, उजवा हात वर, डोक्यावर चंद्रसूर्य. पंजा मात्र सुपाएवढा. रावजीला वाटलं, फोटो काढणाराच चुकला. त्याने आपल्या मनाने पंजा मापात आणला.

मग काम रंगलं, तोंडात अभंग आला. चंद्रसूर्य आणि वर केलेला हात दिसताच छिन्नीला गावच्या वेशीवरची सतीशिळा आठवली, तिचा बांगड्या भरलेला हात आठवला. अभंग संपला तेव्हा मिशीवाल्याच्या हातात चुडा कोरून झाला होता.

उबेदभाईने दगडाभोवती फेरी मारली. "बाप्याला डोहाळजेवणाला बसवलंस काय रे?"

"तासून काढतो, भाई."

"दगड आहे तो. खोबऱ्याची वडी नाही, परत थापायला. मॅडम दुपारी येतायत. रजा खलास."

रावजी पांडुरंगाचं नाव घेऊन बसला. बांगड्यांच्या खाचा मिटेपर्यंत त्याने हात सगळ्या बाजूंनी तासला. हाताची झाली काठी, आणि तिच्या टोकाचा पंजा दिसू लागला सुपाएवढा. मनगटावरची एक खाच खोल होती, ती राहिलीच.

मॅडम आल्या. फोटो दगडाशेजारी धरून पाहिला. मग म्हणाल्या, "आधी दोन कारागिरांनी असाच दगड करून दिला, दोघांनीही पंजा लहान केला. तुम्हीच नीट पाहिलंत." खाचेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही बाहीची किनार ना?"

"किनारच," रावजी म्हणाला. उबेदभाईला एकाएकी खोकला आला.

"पण हा आहे कोण, मॅडम?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो, एवढंच."

रजा मिळाली. तो बघा, मृदंगाशेजारी बसलाय. तेव्हा मंडळी, आज नामाच्या गजरात हात वर कराल, तेव्हा त्या बिननावाच्या गड्याचीही आठवण ठेवा. बिचारा परमुलखात एका बांगडीवर उभा आहे.