दाराकडे बघणारे गणपती

मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे हं, मित्रांनो! त्या पाटावर माणसं बसतात. माझ्यावर गणपती बसतात. मूर्ती रंगवताना कारागिराला सारखं उठून तिच्याभोवती फिरावं लागू नये म्हणून तिला ज्या गोल, फिरत्या पाटावर ठेवतात, तो मी. माझ्या अंगावर रंगांचे इतके थर चढलेत की माझं मूळ लाकूड कुणाला ओळखू येत नाही. सांगूनच टाकतो, फणसाचं आहे. उगीच कुणी आंब्याचं म्हटलं की मला राग येतो.

माझा जन्म गडबचा. हायवेच्या कडेला एका सुताराचं दुकान होतं आणि त्याला लागून ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. सुताराने फळी गोल कापली, गॅरेजवाल्याने एका मोडक्या ट्रकचं बेअरिंग काढून दिलं, आणि दोघांनी मिळून मला उभं केलं. ते बेअरिंग जन्मभर मुंबई-गोवा पळालेलं. त्यामुळे एका जागी गप्प पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही.

तिथून मी पेणला आलो, रामवाडीच्या बाजूला, दत्तात्रेय नावाच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात. त्यांना सगळे तात्या म्हणत. काय गजबज असायची तिथे! कुणी पितांबर रंगवतोय, कुणी मुकुटाला सोनेरी लावतोय, रेडिओ चालू, त्यावर मोठ्याने गप्पा, आणि त्या गप्पांवर तात्यांचा ओरडा. तिथेच मला सगुणा भेटली. मिठागरात राबणाऱ्या घरातली पोर. सुरुवातीला तिच्याकडे उंदीर रंगवायचं काम होतं. उंदरावरून ती पितांबरावर गेली, पितांबरावरून दागिन्यांवर, आणि शेवटी तात्यांनी तिच्या हातात सगळ्यात बारीक ब्रश दिला. म्हणजे डोळ्यांची आखणी दिली. मित्रांनो, आमच्याकडे याहून मोठा मान नाही. डोळे आखेपर्यंत ती माती असते.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगतो. ज्याने डोळे आखले, त्याने आपल्या मूर्तीला पसंती द्यायची नाही. दुसऱ्या कुणीतरी हातातलं काम टाकून यायचं, समोर उभं राहायचं आणि मला हळूहळू फिरवायचं. मूर्ती फिरता फिरता तिची नजर आपल्या नजरेला भिडली, की म्हणायचं, "बघतो." नाही भिडली, तर म्हणायचं, "नाय बघत." मग कितीही मोठा कारागीर असो, त्याने मुकाट्याने डोळे मिटवून पुन्हा आखायचे. तात्यांनासुद्धा एकदा धोंडुबाईने "नाय बघत" म्हटलेलं मी ऐकलंय. धोंडुबाई म्हणजे दागिने रंगवणारी बाई. तिच्या तोंडाला सगळे टरकून असत. तात्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग मूर्तीकडे पाहिलं आणि गपचूप डोळे मिटवले. रीत म्हणजे रीत!

मग सगुणाचं लग्न झालं. नवरा हरेश रोह्याच्या कंपनीत कामाला. जाताना तात्यांनी मला तिच्या हवाली केलं. म्हणाले, "पाट घेऊन जा. तुझ्या हाताला त्याची सवय झालीय." पुढच्याच वर्षी तात्या गेले आणि कारखाना पुतण्या दिनानाथच्या हाती आला. दिनानाथ हिशेबी माणूस. एवढ्या माणसांना एका छपराखाली बसवायचं कशाला, असा त्याने विचार केला. ज्याचं काम त्याच्या घरी पोचवायचं! टेम्पो मूर्ती आणून टाकणार आणि झाल्या की घेऊन जाणार. सगुणाला रोह्यात काम मिळालं, ते असं.

"घरबसल्या काम! नशीब काढलंस गो," असं जो तो म्हणायचा. 'घरबसल्या' हा शब्द ऐकला ना, की माझं बेअरिंग आजही करकरतं. काय होतं त्या घरात? दीड खोली. हरेशची शिफ्ट. तो रात्रपाळी करून आला की दिवसा झोपणार. त्यामुळे रेडिओ बंद, बोलणं बंद, भांड्याचा आवाज बंद. मला कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं. फिरायला जागाच नाही! फिरवला असता तर मूर्तीची सोंड भिंतीला लागली असती. काम नसेल तेव्हा हरेश माझ्यावर टीव्ही ठेवायचा. का, तर खाटेवरून बघताना जरासा वळवता येतो म्हणून. अरे, ज्याच्यावर गणपती बसले त्याच्यावर टीव्ही? पण मला विचारतो कोण!

सगुणा सुरुवातीला गुणगुणायची. नंतर तेही थांबलं. मूर्ती यायच्या, डोळे आखले जायचे, मूर्ती जायच्या. "बघतो" म्हणायला कुणी नव्हतं आणि "नाय बघत" म्हणायलाही कुणी नव्हतं. ती स्वतःच आखायची आणि स्वतःच मान डोलवायची. चार वर्षं हेच चाललं.

शेजारी फ्लोरामावशी राहायच्या. रोह्यातल्या जुन्या यहुदी घरातल्या. पोरं इस्रायलला गेली, मावशी मागे राहिल्या. शहाण्णव सालची गोष्ट. गणपतीला दोनेक महिने होते. मावशींनी नवसाचा मलिदा केला होता, गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, आणि त्याची वाटी घेऊन त्या आल्या. फळीवर मूर्तींची रांग वाळत होती. वाटी घेता घेता सगुणा सहज म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा, कसे झालेत?"

"मला नको विचारू गो," मावशी म्हणाल्या. "आमच्यात मूर्ती नाय. देवाचं मला काय कळत नाय." त्या रांगेसमोरून हळूहळू चालत गेल्या. "पण माणसाचे डोळे मला कळतात. हे सगळे दाराकडं बघतायत. कोण यायचंय?"

सगुणाने वाटी खाली ठेवली. एक मूर्ती माझ्यावर बसवली, मला ओढत खोलीच्या मधोमध आणलं आणि फिरवायला गेली. टीव्हीपुरता जरासा वळायचो, पण पुरा फेरा काही घेता येईना. गंज चढलेला! तिने सगळा जोर लावला तेव्हा कर्रकन ओरडून फिरलो. आणि तिला दिसलं. फिरून मूर्तीचं तोंड समोर आलं, तरी डोळे तुमच्यावर येतच नव्हते. दोन्ही बुबुळं डाव्या अंगाला सरकलेली. तिच्या घराचं दार डावीकडे होतं ना! चार वर्षं ब्रश हातात धरून ही बाई दाराकडे बघत होती, आणि जिकडे तिचे डोळे, तिकडे तिच्या गणपतींचे.

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

"रडतेस कशाला?" मावशी म्हणाल्या. "मी पण दाराकडंच बघते. पोरगा डॅनियल गेला, पोरगी तामार गेली. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आता जमता जमत नायत. माझा नाइलाज हाय. पण तुझं काय? तुझी माणसं पेणला हायत. स्टेशनावर जा, गाडीत बस. तुझ्यासाठी दार उघडून कोण यायचं नाय, तूच उठ."

दुसऱ्याच दिवशी टेम्पोबरोबर दिनानाथ स्वतः आला. सगुणा दारात आडवी उभी राहिली.

"मूर्ती नाय देत. डोळे चुकलेत."

दिनानाथ हसला. "गिऱ्हाईकाला कुठं कळतंय? हार घातला, दुर्वा वाहिल्या की झालं."

"मला कळतंय ना."

"मग काय, टेम्पो रिकामा नेऊ?"

"रिकामा कशाला? भरा. मी पण बसते. पण माल गोदामात नाय, कारखान्यात उतरायचा. तिथं बसून मी डोळे परत आखणार."

"उद्या मुंबईची गाडी भरायची हाय. तुझ्या या थेरांपायी माल राहिला, तर यापुढं तुझ्याकडं एक मूर्ती यायची नाय. सांगून ठेवतो."

"नको येऊ दे."

ऐकलंत, मित्रांनो? माझ्या फळीवर काटा आला! खाटेवरचा हरेश डोळे चोळत उठून बसला. "अगो, चाललीस कुठं? नि जेवणाचं काय?"

"तांदूळ कुठं हायत ते तुम्हाला ठाऊक हाय," असं म्हणून तिने टीव्ही उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि मला बगलेत मारलं. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

कारखान्यात शिरलो आणि मला ओळखच पटेना. हाच का तो कारखाना? आम्ही बसायचो त्या जागी प्लॅस्टरच्या गोण्या रचलेल्या. रेडिओ नाही, ओरडा नाही. एका बाजूला रंग फवारायचं मशीन घरघरत होतं, आणि जेमतेम चार-पाच माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. धोंडुबाई मात्र होती. केस पांढरे झालेले, नाकावर जाड चष्मा, समोर मुकुट. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

सगुणाने दोन गोण्या ओढून बाजूला केल्या आणि त्या जागी मला मांडलं. पहिली मूर्ती घेतली. अंगाच्या रंगाचा हात मारून डोळे मिटवले. सुकल्यावर ब्रश घेतला. डोळे आखून झाले. मग तिने मान वर केली आणि जुन्या सवयीने विचारलं, "बघतो का?"

कुणी उठलं नाही. सगळ्यांनी दिनानाथकडे पाहिलं, आणि दिनानाथने घड्याळाकडे.

तेवढ्यात धोंडुबाईने ब्रश खाली ठेवला. गुडघ्यांवर हात देऊन उठली. आधी शिलाई मशीनच्या तेलाची बुधली शोधून माझ्या बेअरिंगमध्ये चार थेंब सोडले. आहाहा! मग समोर उभी राहून तिने मला फिरवलं. एक फेरा. दुसरा फेरा. मला वाटलं, इतक्या वर्षांनी पोर माहेरी आलीय, नोकरीवर पाणी सोडून आलीय, बाई आता दोन गोड शब्द बोलेल.

"नाय बघत," धोंडुबाई म्हणाली. "पूस."

आणि मित्रांनो, सगुणा हसली! चार वर्षांत तिला कुणी "नाय" म्हटलं नव्हतं, कारण चार वर्षांत तिच्या कामाकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिने डोळे मिटवले, पुन्हा आखले. धोंडुबाई म्हणाली, "डावा अजून लाजतोय. पूस." पुन्हा मिटवले. पुन्हा आखले. तोवर फवाऱ्याच्या मशीनवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला होता. पितांबरवाला आला. तिसऱ्यांदा मी फिरलो, आणि दोघंतिघं एकदमच म्हणाले, "बघतो!"

उगीच गोड शेवट सांगत नाही. मुंबईची गाडी सगुणाच्या मूर्तींशिवाय गेली. दिनानाथने शब्द पाळला, त्यानंतर रोह्याला टेम्पो कधी आला नाही. पण सगुणा आली ना! सकाळच्या गाडीने ती पेणला यायची आणि बोलावल्याशिवाय कारखान्यात येऊन बसायची. दिनानाथ काम देत नव्हता, तर ती इतरांच्या मूर्तींसमोर उभी राहून "बघतो", "नाय बघत" म्हणायची. त्याने तिला घालवून द्यायचा प्रयत्न केला. पण तिने पाहिलेल्या मूर्ती गिऱ्हाईक आधी उचलायला लागलं, तेव्हा तिच्यापुढे मूर्ती यायला लागल्या. ही बातमी पेणभर झाली. ज्या बाया आपापल्या घरात भिंतीकडे तोंड करून रंगवत होत्या, त्या एका सोमवारी आपले ब्रश आणि अर्धवट मूर्ती घेऊन कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. पाटाला तेल द्या, त्याला भिंतीला टेकवू नका, फिरायला जागा ठेवा. आणि तुम्ही चित्र काढा, गाणं म्हणा, काहीही करा, पण ते कुणालातरी दाखवा. तो "नाय" म्हणाला तर रुसू नका. तो आपलं काम टाकून तुमच्यासाठी उठलाय. घरबसल्या मिळणाऱ्या सुखासाठी अशी माणसं सोडू नका, आणि सुटली असतील तर हट्टाने जाऊन त्यांच्यात बसा. कुणी बोलावण्याची वाट बघू नका.

त्या सोमवारी दारातल्या बाया बघून दिनानाथ कपाळावर हात मारून म्हणाला होता, "अगो, एवढ्या जणींना बसायला जागा कुठं हाय?"

धोंडुबाईने मुकुटावरून नजरही उचलली नाही. म्हणाली, "तू उभा हायस तिथं."