नवा चेहरा

"रविवारपर्यंत खोली मोकळी कर," घरमालकीण तुळजाबाई म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या, पण नजर सुंदराच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि सुंदरानंही विचारलं नाही. आदल्या दिवशी जिन्यात त्यांचा पुतण्या तिच्याकडे बघून मित्राच्या कानाला लागला होता, तेव्हाच तिला कळून चुकलं होतं. दोन वर्षांत ही चौथी खोली जात होती. आधी भूगाव, मग पिरंगुट, आणि आता लवळ्यातच दुसऱ्यांदा.

सुंदरा बत्तीस वर्षांची. मूळची ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतली. नवऱ्यानं टाकल्यावर ती एका रिसॉर्टमध्ये खोल्या झाडायला, चादरी बदलायला लागली. तिथं एकदा शूटिंगवाले उतरले. त्यांच्यातला निर्माता इंद्रजित तिला म्हणाला, "चेहरा चांगलाय तुझा. इथं महिन्याला नऊ हजार कमावतेस. माझ्याकडे एका दिवसाचे पंचवीस मिळतील." काम कसलं ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅमेऱ्यापुढं कपडे उतरवायचे, नटासोबत खोटंखोटं सगळं करायचं. "आणि आपल्याकडचं कोणी बघत नाही. ॲप बाहेरच्या देशात चालतं." महिनाभर ती नाही म्हणत राहिली, मग हो म्हणाली. पडद्यावर तिचं नाव सोनिया ठेवलं गेलं.

पंचवीस हजार खरंच मिळाले, रोख. पण या धंद्याची चाल उलटी असते हे तिला उशिरा उमगलं. दुसरीकडं माणूस कामाला सरावला की मजुरी वाढते. इथं पहिल्या दिवसाचा भाव सगळ्यात मोठा, आणि पुढं तो फक्त उतरत जातो. ॲपवाल्यांना दर आठवड्याला नवा चेहरा लागतो. तिसऱ्या कामाला तिला अठरा मिळाले, दहाव्याला बारा, आणि आता ती सात हजारांवर आली होती. त्यातलेही दीड हजार काम लावून देणारा कापून घ्यायचा. फिल्म किती का चालेना, हातात पडायची ती दिवसाची मजुरीच. एकदा स्वतःचा एक भाग चाळीस लाख लोकांनी बघितल्याचं तिला दिसलं, तेव्हा तिनं इंद्रजितला फोन केला. तो हसला. "गोदामात काय आहे यावरून हमालाचा दर ठरतो का गं?"

मग ती घरातून लाइव्ह येऊ लागली. दार लावून, आवाज बारीक ठेवून मोबाईलपुढं बसायचं. बघणारे ॲपवरची नाणी विकत घेऊन तिला पाठवायचे. शंभर रुपयांतले पस्तीस तिच्या खात्यात यायचे, बाकीचे ॲपचे. तिथंही तेच झालं. पहिले चार महिने बरे गेले, मग लोक पुढच्या मुलीकडं सरकले. एक वाट अजून उरली होती. 'अनकट', म्हणजे खोटं काही नाही, सगळं खरं. त्याला दुप्पट पैसे. त्याला मात्र तिनं तीन वर्षांत कधी होकार दिला नव्हता. आपल्याकडं राखून ठेवलेलं तेवढंच आहे, असं तिला वाटायचं.

कासार आंबोलीला तिनं एक खोली-स्वयंपाकघर बुक केलं होतं. इमारतीचा सांगाडा उभा होता, तिसऱ्या मजल्यावरचं उजवं दार तिचं. स्वतःच्या दारातून कोण बाहेर काढणार होतं? पण महिनाअखेर चाळीस हजारांचा हप्ता गेला नाही तर बुकिंग रद्द. अनकट सोडलं तर इंद्रजितकडून एकरकमी पैसे मिळवायचा एकच मार्ग होता आणि तो त्यानं तिला दोनदा सुचवला होता. नवी मुलगी आणून दिली तर पंधरा हजार, वर तिचं स्वतःचं जुनं काम चालू.

शुक्रवारी सकाळी ती लवळ्याच्या कॉलेज कँटीनमध्ये पिंकीकडं गेली.

पिंकी बावीस वर्षांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. कँटीनमध्ये ताटं उचलायची, चहा द्यायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागला होता, फी जमत नव्हती, आणि बापानं यंदा लग्न उरकायचं ठरवलं होतं. सुंदरा मालिकांमध्ये बारीकसारीक कामं करते, अशी तिची समजूत. सुटी असली की ती खोलीवर यायची, सुंदराची नेलपॉलिश लावून बघायची.

"वेबसिरीज हाय," सुंदरा म्हणाली. "जरा बोल्ड असतंय. पन एका दिसाचं वीस हजार."

पिंकीनं हातातला ट्रे खाली ठेवला. "बोल्ड म्हंजी कसं, ताय?"

"तितं गेल्यावर सांगत्यात की ते."

एवढं बोलून सुंदरा वळली. आपण इंद्रजितसारखाच पैशाचा आकडा पुढं केला, हे तिला बाहेर रस्त्यावर आल्यावर कळलं. तरीही ती मागं फिरली नाही.

शनिवारी दोघी पिरंगुटहून एसटीत बसल्या. पौड मागं पडलं, कोळवणचं खोरं लागलं. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, काही खाचरांत कापणी चालू होती. पिंकी वाटभर बोलत होती. पहिलं वरीस संपलं की हॉस्टेलला सांडशी-तवा चालतो का, रात्रपाळीला गाडी असते का, असलं काहीबाही. सुंदरा नुसती "हूं" म्हणत होती.

फार्महाऊसच्या फाटकात एका पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या वॉचमननं दोघींचे मोबाईल काढून प्लास्टिकच्या टोपलीत टाकले. आत इंद्रजित व्हरांड्यात पोहे खात बसला होता. त्यानं पिंकीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मागं वळ," म्हणाला. "हां. बास." पिंकीनं सुंदराकडं बघितलं. बाजारात शेरडू घेणारा असाच बघतो, हे मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं.

इंद्रजितनं सुंदराच्या हातात पाकीट दिलं. पंधरा पूर्ण होते. मग इंग्रजीतले सात कागद दिले. "सही घे तिची. तुझं ऐकते ती. मग कॅमेऱ्यापुढं आधार कार्ड धरून बोलायचं, मी स्वखुशीनं करतेय म्हणून. अर्ध्या तासात तयार पाहिजे मला."

आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर ताणून घातली होती आणि दोन दिवे आधीच लावलेले होते. पिंकी पलंगावर बसली नाही, भिंतीपाशी उभी राहिली.

"ताय, हितं करायचं काय असतंय?"

सुंदरानं सांगितलं. जेवढ्या कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्या. पिंकीचं तोंड उतरलं. ती दिव्यांच्या उजेडातून बाजूला सरली.

"आन् हे कुटं कुटं दिसंल?"

"बाहेरच्या देशात..." सुंदरानं सुरुवात केली. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, पण येईना. ती खाली फरशीवर बसली. "न्हाई. खोटं बोलतीया मी. सगळीकडं दिसतंय. ॲपवर आठ दिस, मंग फुकटात, ज्याच्या त्याच्या मोबाईलमधी. तुळजाबाईच्या पुतण्यानं बघितलंय मला. म्हनून खोली चालली माझी."

"आन् ह्या कागदात काय हाय?"

"मधीच काम सोडलं तर पाच लाख भरायचं, असं हाय. माझी बी सही हाय असल्याच कागदावर. तीन वरीस झाली. सोडते म्हनलं की त्यो कागूद दावतो."

"मंग मला आनलंस कशाला?"

"पंधरा हजारासाठी."

"दिलं का तुला?"

"व्हय."

सुंदराला वाटलं, आता ही रडेल नाहीतर तोंडात मारेल. पिंकीनं दोन्हींतलं काही केलं नाही. ती खाली वाकून कागद उचलू लागली. "मी करती," ती म्हणाली. "एकदाच. फी भरली की झालं. न्हाईतरी दिवाळीनंतर माझं लगीन लावून द्यायचं चाललंय. त्यात तरी कोन इचारतंय मला?"

"मी बी एकदाच करनार हुते, पिंके."

"तू येगळी."

"उद्या तू नर्स झालीस. सुई टोचाया गेलीस आन् पेशंटनं तुला वळाकलं, मंग? त्यानं सगळ्या वॉर्डाला मोबाईल दावला, मंग कुटं जाशील? मला खोलीतनं काढत्यात. तुला दवाखान्यातनं काढतील. ज्यासाठी करतीयास, तेच राहनार न्हाई."

पिंकी पेन हातात धरून उभी होती. बाहेर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग तिनं पेन पलंगावर टाकलं आणि ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटली.

सुंदरानं पाकीट व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं. इंद्रजितला एका नजरेत सगळं समजलं. तो ओरडला नाही. "ठीक आहे," म्हणाला. "पोरगी जाऊ दे. पण लोकेशनचं भाडं भरलंय मी, माणसं उभी आहेत. तिच्या जागी तू कर. अनकट."

सुंदराच्या डोळ्यांपुढं तिसऱ्या मजल्यावरचं ते उजवं दार आलं, अजून रंगही न लावलेलं. पिंकी मागं उभी आहे हे माहीत असूनही तिनं विचारलं, "दुप्पट देशील?"

"दुप्पट कसले? दंड समज. नाहीतर पाच लाख आण."

तिनं राखून ठेवलेल्या त्या एका गोष्टीची किंमत तिनं स्वतः बोलून दाखवली होती, आणि याला ती फुकटात हवी होती. सुंदरानं टेबलाशी आणून ठेवलेल्या टोपलीतून पिंकीचा मोबाईल उचलून तिच्याकडं दिला. स्वतःचा घ्यायला गेली तर इंद्रजितनं टोपलीवर हात ठेवला. "तुझा इथंच राहील."

तिची लाइव्हची कमाई, कामं देणाऱ्यांचे नंबर, सगळं त्या मोबाईलमध्ये होतं. ती क्षणभर घुटमळली. मग पिंकीच्या दंडाला धरून फाटकाबाहेर पडली.

स्टँडपर्यंत दोन किलोमीटर दोघी उन्हातून चालल्या. कापणीच्या बायकांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा विळे चालू केले. एसटीत पिंकी पुढच्या सीटवर जाऊन बसली. पिरंगुटला उतरताना तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माझं नर्सिंग गेलं."

"मी कुटनं तरी..."

"तू काय बी करू नगंस. तू मला तितनं काढलंस म्हनून तुझं उपकार मानू का? नेलंस बी तूच की!" आणि ती रिक्षा न बघता चालत सुटली. पुन्हा ती सुंदराशी बोलली नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कँटीनमधल्या बाईकडून कळलं.

सुंदरानं रविवारी खोली सोडली. महिनाअखेर बुकिंग रद्द झालं. पौडच्या बाजूला एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम मिळालं, चारशे रुपये रोज, आणि झोपायला पत्र्याची शेड. तुळजाबाईंच्या पत्त्यावर एका वकिलाची नोटीस आली होती, ती त्यांनी कुणाकरवी पाठवून दिली. पाच लाख, पंधरा दिवसांत. रोपवाटिकेतल्या मुकादमानं सांगितलं की पौडच्या कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो. दोन दिवस ती गेली नाही. काय काम करत होतीस म्हणून विचारतील, याची धास्ती. तिसऱ्या दिवशी गेली.

स्वरदा नावाची तरुण वकील होती. तिनं नोटीस वाचली, सोबत जोडलेली कराराची प्रत वाचली, चष्मा काढला. "कुणी वाचून दाखवला होता का तुम्हाला हा?"

"न्हाई."

"रद्दी आहे ही. जे कामच बेकायदा आहे, त्याचा करार कोर्टात टिकत नाही. पैसे मागायला तो कोर्टात आला तर आधी त्यालाच उत्तरं द्यावी लागतील. नुसतं घाबरवायला लिहून घेतलंय."

सुंदराला नीट ऐकू आलं नसावं, असं वाटून स्वरदानं पुन्हा सांगितलं. सुंदरा उठली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. पहिल्या वर्षीच तिनं तीनदा सोडायचं ठरवलं होतं. तीनदा त्यानं हाच कागद पुढं केला होता, आणि तीनदा ती परत गेली होती. पायरीखालच्या मातीत ओकून ती तिथंच गुडघ्यांत डोकं घालून बसली. कामाला आलेली माणसं बाजूनं वळसा घालून जात होती.

थोड्या वेळानं स्वरदा पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. "तक्रार द्यायची? फसवून, धमकावून करून घेतलं म्हणून?"

"मंग मला बी धरतील की."

"विचारतील खूप. नाही असं मी सांगणार नाही. पण मी सोबत असेन. आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगता येतं."

"सगळं निघंल?"

स्वरदानं बाटलीचं झाकण लावलं. "जेवढं सापडेल तेवढं," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी दोघी पुण्यात सायबर पोलिसांकडे गेल्या. जबाब दोन तास चालला. मग एका बाई पोलिसानं सुंदराला संगणकापुढं बसवलं. प्रत्येक व्हिडिओची लिंक वेगळी लागते, म्हणाली, आणि त्यात आपणच आहोत हे तिनं ओळखायला हवं. सुंदरानं सोनिया हे नाव टाकलं. थोडे निघाले. मग बाकीचे दिसू लागले, ज्यांवर तिचं कुठलंच नाव नव्हतं. कुठं वहिनी, कुठं शेजारीण, कुठं गावाचं भलतंच नाव. लोकांनी वाटेल ते लिहून ते पुढं पाठवले होते. स्वतःचा चेहरा शोधत तिला एकेका चित्रावर थांबावं लागत होतं. तेवढंच सुंदराला बरं वाटावं म्हणून बाई पोलिसानं खुर्ची फिरवून पाठ केली.

दुपारपर्यंत एकेचाळीस लिंका झाल्या. स्वरदानं कागदाची मागची बाजू लिहायला घेतली. चहा आला, गार झाला.

"अजून किती असतील?" बाई पोलिसानं विचारलं.

"म्हाईत न्हाई," सुंदरा म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.