सरजाबाईचं पान आणि मी

मी एक जुनी लोखंडी चौकट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते: मला फोटोची चौकट म्हणाल तर आपलं बोलणं बंद. फोटो आयता येतो नि भिंतीवर टांगून घेतो. माझ्या पोटात शिशाचे खिळे बसायचे, एकेका अक्षराचा एकेक खिळा, तोही उलटा. लाकडी पट्ट्या आणि पाचरी ठोकून त्यांना चारी बाजूंनी आवळायचं आणि मला उचलून छपाईयंत्रात उभं करायचं. सैल आवळलं तर खिळे गळतात. फार आवळलं तर मधूनच फुगून उडतात. एवढी साधी गोष्ट! पण माणसांना ती समजेपर्यंत माझे चारी कोपरे झिजले.

मी कुठे ओतली गेले ते आठवत नाही. भट्टीची धग आणि कानशीचे घासे, एवढंच ध्यानात आहे. मग हैदराबादच्या एका छापखान्यात गोलगोल, गुबगुबीत तेलुगू अक्षरं धरून बसले. तिथलं जुनं यंत्र निलंग्याच्या संगप्पाअप्पांनी विकत घेतलं, तेव्हा त्याच्याबरोबर मीही कांद्याच्या पोत्यांवर बसून उदगीरमार्गे निलंग्याला आले. तिथे मला निवृत्ती भेटला. निवृत्ती म्हणजे जुळारी, खिळे जुळवणारा. त्याचा हात असा की ओळ कधी केसभर वाकडी जायची नाही. वाकडी दिसली की त्याचं डोकं दुखायचं. खरंच दुखायचं, मग तो कपाळाला फडकं बांधायचा.

लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सभांच्या नोटिसा, सगळं मी पोटात घेतलं. माणसांची माझ्याकडे पक्की नोंद आहे. शंभरातल्या नव्वद जणांना स्वतःचं नाव मोठ्या टायपात हवं असतं. उरलेले दहा म्हणतात, "आमचं बारीकच ठेवा हो," आणि प्रूफ पाहून रुसतात.

१९८२ साली आमचा जिल्हा बदलला. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि दोन महिने मी नुसते पत्ते छापले. दुकानदार, डॉक्टर, भजनी मंडळ, सगळ्यांना कागदावर 'जि. लातूर' हवं होतं, आणि लगेच हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. लेटरपॅड कोरं करकरीत, नळ कोरडा ठणठणीत. तरी कुणाला लाज म्हणून नाही. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाची स्मरणिका काढायची ठरली. शुभेच्छांची चाळीस पानं मी छापली. त्यातल्या एका लेखात होतं, 'टँकरच्या पाण्याचे वाटप रांगेत व शिस्तीत पार पडले.'

आणि एक पान होतं कवितेचं. ते पंचशीलाबाईंचं. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, लांब पावलं टाकत यायच्या आणि उंबऱ्यातूनच बोलायला लागायच्या. कविता त्यांच्या आईवर होती, सरजाबाईवर. वैशाखात त्यांच्या गावात टँकर यायचा तेव्हा बायका पहाटेच घागरी रांगेत मांडून ठेवत. जिची घागर जिथे, तिचा नंबर तिथे. मग बायकांनी सावलीला बसावं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या घागरी, सरजाबाईचीही, मात्र रांगेच्या शेवटी, पहाटे कितीही लवकर आणा. एके दिवशी ड्रायव्हरने टँकर रोजच्या जागी न थांबवता पार पलीकडे नेऊन लावला. रांग मोडली. सगळं गाव धावलं. सरजाबाई त्या धावपळीत पडली आणि तिचा पाय मोडला.

"स्मरणिकेत सगळं शिस्तीत झालं म्हणून छापलंय," पंचशीलाबाई अप्पांना म्हणाल्या. "एका पानावर तरी माझ्या मायचा तो दिवस खरा दिसू द्या. ती समारंभाला येणार आहे."

"दिसू द्या की," अप्पा म्हणाले. "पण शनिवारपर्यंत पान बांधून पाहिजे. नाही तर तिथं खतवाल्याची जाहिरात जाईल. तो रोज दोनदा येऊन विचारतो."

कवितेचा कागद निवृत्तीच्या हाती गेला. कागदावर शब्द कसेही पसरलेले, एक इथे, एक तिथे, दोन आडवे. निवृत्तीने कपाळाला फडकं बांधलं. बिचाऱ्याला वाटलं, बाईंनी घाईत लिहिलंय, आपण नीट करून द्यावं. त्याने सगळे शब्द गोळा केले, सारख्या लांबीच्या ओळी केल्या, दोन ठिकाणी यमकही जुळवून दिलं, वर वेलबुट्टी लावली. मी पोटात धरून पाहिलं. एवढं घट्ट, एवढं गुळगुळीत, की आत माणूस पडलाय याचा पत्ता नाही.

बुधवारी प्रूफ बघायला पंचशीलाबाई आल्या, आणि काठी टेकत सरजाबाईही. तिला अक्षर येत नव्हतं. तिने कागद लांब धरला, जवळ धरला, काळ्या ओळींवरून बोट फिरवलं.

"ह्या घागरी हायेत व्हय गं?"

"हो माय. शब्द म्हणजे घागरीच समज."

"मग येवढी सरळ रांग?" सरजाबाई निवृत्तीकडे वळली. "आरं लेका, अशी रांग ऱ्हायली असती तर माझा पाय कशाला मोडला असता?"

निवृत्तीचं तोंड बघण्यासारखं झालं. "मावशी, म्या तर चांगलंच करत होतो."

"चांगलं लई केलंस. खरं कर."

आता पंचशीलाबाईंचा पारा चढला. त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. सगळे शब्द विस्कटायचे, एकही ओळ नको, सुरुवात कुठली नि शेवट कुठला हेही कळायला नको! "गोंधळ म्हणजे गोंधळ," त्या म्हणाल्या.

निवृत्तीही पेटला. "गोंधळच पाहिजे ना बाई? घ्या मग."

इथे तुम्हाला एक सांगायला हवं, मित्रांनो, कारण ते कुणीच ऐकून घेत नाही. पानावर जी मोकळी जागा दिसते, ती माझ्या पोटात मोकळी नसते. तिथे बिनअक्षरांचे बुटके खिळे भरतात. ते कागदाला शिवत नाहीत, त्यांचं कुणी नाव घेत नाही, पण छापणाऱ्या अक्षरांना तेच उभं धरतात. शब्द जितके दूर दूर, तितकं हे भरण जास्त. म्हणजे विस्कटलेलं पान सरळ पानाच्या दुप्पट मेहनतीने बांधावं लागतं. निवृत्तीला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो रागात होता. त्याने मोकळ्या जागांत कागदाचे बोळे कोंबले, पाचरी वरवर ठोकल्या आणि मला उचललं.

मी ओरडणार कशी? दगडी ओट्यापासून दोन पावलं गेला असेल, खिळे खळाखळा खाली. दाराच्या फटीत, यंत्राखाली, अप्पांच्या चपलेत.

अप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाई, झाली बघा तुमची कविता. छापू का आता फरशी?"

पंचशीलाबाईंना हसूही आलं नाही. त्या खाली बसून खिळे वेचू लागल्या. निवृत्तीही बसला. अर्धा दिवस दोघं वेचत होते. अर्धा दिवस! मी रिकामी, ओट्यावर, दोघांवर चिडलेली. एकाला सगळं सरळ हवं, एकीला सगळं मोडलेलं हवं, आणि दोघांच्या हट्टात जिचा पाय मोडला ती बाजूला स्टुलावर.

शेवटी सरजाबाईच बोलली. "इस्कटलेलं दाव की पोरी, पर त्यात म्या कुठं हाय ते तरी कळू दे. त्या दिशी बी कुणाला मी दिसले न्हाई, आन् हितं बी न्हाई?"

पंचशीलाबाईंचे हात थांबले. वेचलेले खिळे त्यांनी ओट्यावर ठेवले. मग त्यांनी विचारलं, "माय, रांग मोडायच्या आधी किती घागरी होत्या गं?"

"मोजल्या न्हाईत. पार वडापातुर होत्या."

"आणि तू पडलीस तेव्हा?"

"तवा काय दिसतंय? पाय, पाय आन् पाय. घागर तेवढी म्या सोडली न्हाई."

गुरुवार-शुक्रवार निवृत्ती आणि पंचशीलाबाई शेजारी उभं राहून काम करत होते. वर सहा ओळी, निवृत्तीच्या हाताच्या, दोरीवर धरल्यासारख्या सरळ. मग सातवी ओळ मधेच तुटलेली. तिथून शब्द पांगलेले, पण कुठला शब्द किती पांगवायचा ते पंचशीलाबाई बोट ठेवून सांगायच्या, आणि तो तिथे उभा राहील का ते निवृत्ती सांगायचा. "हितं नको बाई, खाली आधार न्हाई." "मग थोडा डावीकडे?" "हाव, हितं धरतंय." एका जागेवरून तर तासभर भांडले. आणि खाली, भरपूर मोकळ्या जागेत, एकच लहान ओळ: 'सरजाबाईच्या हातात घागर.' त्या मोकळ्या जागेत किती बुटके खिळे बसले ते मला विचारा. सगळं पान त्यांनीच धरलं होतं.

निवृत्तीने पाचरी ठोकल्या. मला उचलून हलवून पाहिलं. एक खिळा हलला नाही. इतक्या वर्षांत इतकं मोडकं आणि इतकं पक्कं काही मी कधी धरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पहिला कागद निघाला, ओलसर शाईचा. सरजाबाईने बोट वरून खाली आणलं. रांगेवरून गेलं, पांगापांगीत अडखळलं, खालच्या ओळीपाशी थांबलं.

"ही कोण? येकटी?"

"तू, माय."

"हाव," ती म्हणाली. "असंच झालं व्हतं."

निवृत्तीने कपाळावरचं फडकं सोडलं. तेवढ्यात सरजाबाईने विचारलं, "आन् हे वाचून फुडच्या उन्हाळ्यात वस्तीच्या घागरी फुडं ठिवू देतेत का?"

पंचशीलाबाईंनी आईच्या हातातला कागद घेतला नाही, तसाच राहू दिला. "कागद दाखवून विचारीन मी," त्या म्हणाल्या. "टँकरच्या जागेवरच उभी राहून विचारीन."

पुढे ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आले. यंत्र भंगारात गेलं. मी सध्या एका दुकानात कूलरखाली आहे, त्याचा एक पाय आखूड पडतो म्हणून. कूलर ठिबकतो, मी गंजते. ओल्या फडक्याने पुसतात मला! रॉकेलने पुसावं, एवढं कुणाला सुचत नाही.

पण मित्रांनो, माझं राहू द्या. तुमच्यातलं कुणी उद्या लिहायला बसेल. जग मोडलेलं दिसलं तर ओढूनताणून सरळ करू नका, आणि हातातून फरशीवर सांडूही नका. मोकळ्या जागा नीट भरून घ्या. लिहून झालं की जिच्याविषयी लिहिलंत तिला दाखवा, आणि तिचं बोट जिथे अडेल तिथून पुन्हा कामाला लागा. आणि कागद खिशात घेऊन पाण्याच्या रांगेपर्यंत जा. तिथे कुणाची घागर कुठे आहे ते बघा आणि मोठ्याने विचारा.