टोकं आत वळवणारी चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. कुलपाबिलपाशी माझा काही संबंध नाही, मी लोखंडी सळ्या वाकवते. हातभर दांडा आणि टोकाला खाच, एवढंच माझं रूप. पण इंदूरच्या कितीतरी घरांच्या पोटात माझं काम आहे आणि ते सांगायला मी मुळीच लाजणार नाही.

मानपूरच्या एका लोहाराने मला घडवलं आणि श्रीकृष्ण मिस्त्रींनी विकत घेतलं. खांबात उभ्या सळ्या असतात आणि त्यांना आवळून धरायला चौकोनी रिंगा. त्या रिंगा मी वळवायचे. "इसकी बात ही अलग है," असं मिस्त्री सगळ्यांना सांगत. इंदूरमध्येच, खजरान्यात त्यांनी स्वतःचं घर बांधलं, तेव्हा त्याच्या रिंगाही मीच वळवल्या. त्याचा मला फार अभिमान होता.

मग रिंगा वळवणारं यंत्र आलं. दिवसाचं काम तासात. मला हत्यारांच्या पोत्यात टाकलं आणि मी तिथेच गंजत पडले. यंत्राला काय, हुकूम मिळाला की झालं. पण कुणी विचारत नाही म्हटल्यावर वाईट वाटतंच.

गेल्या वर्षी तुकोगंजात नानासाहेबांचं तीन मजली घर बांधलं जात होतं, काम श्रीकृष्ण मिस्त्रींकडेच होतं. खांबांत काँक्रीट भरायचा मुहूर्त सव्वाअकराचा. नारळ, पेढे, पाहुणे, सगळं तयार. इतक्यात इंजिनिअर वसुंधरामॅडम आल्या आणि सळ्यांपाशी वाकून म्हणाल्या, "आज काँक्रीट ओतायचं नाही. रिंगांची टोकं काटकोनात सोडलीत. ती आत वळायला हवीत, नाहीतर भूकंपात खांब टिकणार नाहीत."

"मॅडमजी, तीस साल झाले, मी असंच करतो," मिस्त्री म्हणाले. "टोक आत वळवलं की रिंग चढवायला वेळ लागतो."

नानासाहेब कासावीस झाले. "बेटा, मुहूर्त टळतोय. आणि इंदूरला भूकंप कुठे येतो?"

"आला तर विचारून येणार नाही, नानासाहेब."

मॅडमनी काटक्यांच्या दोन मोळ्या तारेने बांधल्या. एकीच्या तारेची टोकं नुसती दुमडली, दुसरीची आत काटक्यांमध्ये वळवली. "द्या पाय." नानासाहेबांनी दोन्हींवर पाय दिला. पहिलीची तार सुटून काटक्या पसरल्या. दुसरी जागची हलली नाही.

"हादरे बसले की खांबाच्या बाहेरचं काँक्रीट आधी गळून पडतं," मॅडम म्हणाल्या. "टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं नसेल तर रिंग उघडते, सळ्या वाकतात आणि घर खाली येतं."

आता पंचाईत अशी, की बांधलेल्या सळ्यांच्या जाळीत यंत्र शिरेना. मिस्त्रींनी पोतं उपसलं आणि मला बाहेर काढलं. मी तर याचीच वाट बघत होते.

नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "मुहूर्त कामाचा असतो ना? मग हेच काम." त्यांनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बरोबर सव्वाअकराला पहिलं टोक स्वतः आत वळवलं. पुढे दोन दिवस मिस्त्री आणि मी. बारा खांब झाले, एकही टोक वळवायचं राहिलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मिस्त्री मला पुसत बसले होते. मॅडम निघाल्या तसे ते उठले आणि हळूच म्हणाले, "मॅडमजी, खजरान्यात माझं घर आहे. त्यातल्या रिंगा मीच वाकवल्यात. काटकोनात. माझी नातवंडं तिथेच झोपतात."

माझा अभिमान तिथल्या तिथे उतरला. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती, ती माझीही होती.

मॅडम म्हणाल्या, "रविवारी येते, आधी बघू या. जुन्या खांबांभोवती नव्या सळ्या, नव्या रिंगा घालून वरून काँक्रीट चढवता येतं. होईल."

आणि झालं. खजरान्यातले सगळे खांब आता जाडजूड दिसतात आणि शेजारीपाजारी हसतात. हसू देत.

मित्रांनो, घर बघायला गेलात की तुम्ही फरशी बघता, नळ सोडून बघता. घर बांधलं जात असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी एकदा सळ्यांपाशीही वाका आणि विचारा, टोकं कुठे वळली आहेत? श्रीकृष्ण मिस्त्रींनी तीस वर्षांनी विचारलं. आता ते आपल्या घरात निवांत झोपतात, आणि मी त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते.