शेवाळाची साखर

वारल्यानंतर एकविसाव्या दिवशी माझी बायको इंदुमती गावाखालच्या कातळावर शेवाळ होऊन उगवली. तपकिरी रंगाची, हातभर लांब. मी तिला लगेच ओळखलं, कारण ती नेहमीसारखी डावीकडे कलून उभी होती. मुलीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, कातळ घट्ट धरलाय ना? मी हो म्हटलं.

दुपारच्या ओहोटीला मी तिच्याजवळ जाऊन बसू लागलो. चौथ्या दिवशी शेवाळ केंद्रातली नूतन मोंडकर आली. तिच्याजवळ कोयती होती आणि एक लहान यंत्र. इंदुमतीचा नखाएवढा तुकडा कापून तिने यंत्रात घातला. आकडा आला नऊ.

"काका, काकूंच्यात लॅमिनारिन भरतंय," ती म्हणाली.

मला कळलं नाही, तेव्हा तिने समजावून सांगितलं. ही शेवाळाची साखर. चवीला गोड नसते. ऊन असेल तेव्हा शेवाळ ती साठवतं, आणि अंधारात तीच खाऊन जगतं. आकडा वीसवर गेला की केंद्र कापून नेतं. मी विचारलं, नाही गेला तर? ती म्हणाली, तर कशाला नेतील?

दुसऱ्या दिवसापासून मी छत्री नेली. उन्हात उभा राहून, हात लांब करून, सगळी सावली तिच्यावर धरायचो. आकडा सात झाला. मग पाच.

आठवड्याने छत्री मिटली तरी सावली कातळावरच राहिली. ती रोज वीतभर वाढू लागली. भरतीचं पाणी तिला वळसा घालून जायचं. पुढे माझा उजवा हात खाली येईना. घराच्या दारातून आत जाता येईना, म्हणून मी घरी जाणं सोडलं.

आकडा दोनवर आला तेव्हा इंदुमती पहिल्यांदा बोलली.

"अहो, भूक लागलीय."

मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढ.

"खाजं मागितलं तेव्हाही हेच म्हणालात."

जत्रेतलं खाजं. तिला मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी पुडी तांदळाच्या डब्यात लपवली. त्यानंतर ती नऊ दिवस जगली.

"तुझ्या भल्यासाठीच केलं ते," मी म्हणालो.

"झालं ना मग भलं?"

मी छत्री लांब फेकून दिली. सावली हलली नाही. मी तिच्या कडेला बसून ती नखांनी खरवडू लागलो. कातळ निघाला, सावली निघाली नाही.

नूतन आली तेव्हा मी खरवडतच होतो. तिने इंदुमतीला मोजलं नाही. माझ्या अंगठ्याचा तुकडा घेतला आणि यंत्रात घातला. रक्त आलं नाही. आकडा आला एकतीस.

"काका, एवढे दिवस उन्हात तुम्हीच होता," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, यातलं हिला देता येईल का? तिने थोडा विचार केला. देता येईल म्हणाली, पण घेणाऱ्याने घ्यायला हवं. मग तिने माझा डावा हात धरून सावलीच्या आत नेला आणि कातळावर सपाट ठेवला. कोपराच्या जरा खाली बोटाने जागा पाहिली.

तिने कोयती उचलली. इंदुमतीने तोंड उघडलं.